पाव हिस्सा

न्हाव्याने उजवा गाल उरकला होता आणि डाव्या गालाला फेस फासून तो वस्तरा पुसत होता, तेवढ्यात फोन वाजला. खुर्चीतल्या माणसाने अंगावरच्या चादरीखालून हात काढून तो कसाबसा उरकलेल्या बाजूच्या कानाला लावला, आणि पलीकडून धाकटा भाऊ कसलीही प्रस्तावना न करता म्हणाला, "दादा, फोटोग्राफरची गाडी माझ्या पुढे गेली."

"मग जाऊ दे की."

"नुसती पुढे नाही गेली. निघून गेली. मी तळापर्यंत दाबून धरलं होतं, तरी निघून गेली."

"तुझ्या गाडीत सामान असेल."

"माझ्या गाडीत चष्मे पुसायचं एक फडकं आहे." भाऊ थांबला. तो रागावला की त्याचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो, आणि हेच सगळ्यात वैतागवाणं आहे. "दादा, त्याचं आणि माझं इंजिन एकच ना? तूच म्हणाला होतास, जुळी भावंडं आहेत म्हणून. मग?"

यावर द्यायला त्याच्याकडे निदान चार उत्तरं होती, पण फेस ओठात जात होता. "दुपारी दुकान बंद करून येतो," भाऊ म्हणाला आणि फोन बंद झाला. न्हाव्याने त्याची हनुवटी दोन बोटांनी उचलली, वस्तरा टेकवला आणि पुन्हा काढून घेतला. "जबडा सैल सोडा साहेब. असं दातावर दात धरून बसलात तर मी करू काय?"

जबडा सैल सोडा म्हणजे काय, हेच त्याला कळेना. आरशात एक बाजू गुळगुळीत आणि एक बाजू पांढरी असा एक इसम त्याच्याकडे बघत होता. या इसमाने गेल्या वर्षभरात अकरा गाड्यांची इंजिनं उघडून पुन्हा बांधली होती, आणि त्यातल्या दहांना ठरलं होतं तेवढं दिलं होतं. अकरावी बाळची. घरात धाकट्याला सगळे बाळच म्हणत. तो बेचाळीस वर्षांचा होता, चष्म्याच्या दुकानाचा मालक होता, कानशिलांवर पांढरं झालं होतं, आणि तरी बाळ. सख्ख्या भावाला आपण काय म्हणून पाव हिस्सा कमी दिला, हे जर न्हाव्याने आत्ता विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. न्हाव्याने विचारलं नाही. त्याने तुरटी फिरवली, ती झोंबली, आणि त्या झोंबण्यावरही त्याला राग आला.

गॅरेजकडे चालत जाताना त्याने मनातल्या मनात फोटोग्राफरला शिव्या घातल्या. शहरात एवढे रस्ते असताना या माणसाला नेमक्या बाळच्या शेजारीच सिग्नलला उभं राहायचं होतं. फोटोग्राफर तसा भला माणूस, पण इतरांसारखाच 'अजून थोडं'वाला. हे 'अजून थोडं' ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. त्याच्याकडे येणारी माणसं मोठ्या गाड्यांची नव्हती. लहान इंजिनाची गाडी घेऊन येणारी, तीन सिलिंडरची, लिटरभराची, चढावर ए.सी. बंद करावा लागणारी. पूर्वी लोक अशा इंजिनाला शिलाई मशीन म्हणून हसायचे आणि त्याला ते लागायचं, जणू घरातल्याच कुणाला नावं ठेवली. मोठ्या इंजिनाने पळून दाखवलं त्यात काय विशेष? पण हे दोघांनी उचलून टेबलावर ठेवता येईल एवढंसं इंजिन, त्याचे पिस्टन काढून घडीव पिस्टन घालायचे, दांडे बदलायचे, आणि नळीतून बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्या चक्राने हवा दाबून पुन्हा त्याच इंजिनात कोंबायची. टर्बो म्हणजे एवढंच. मग तेच शिलाई मशीन दीडपट मोठ्या इंजिनासारखं ओढायला लागतं, आणि चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला त्याला आवडायचं. ते आठवडाभर टिकतं. आठवड्याने फोन येतो, "मास्तर, झकास आहे, पण अजून थोडं..." हवा काही फुकट वाढत नसते. जास्त कोंबली आणि ठिणगीचा मेळ चुकला तर पेट्रोल वेळेआधीच पेटतं, आत कुणीतरी हातोडीने ठोकल्यासारखा टकटक आवाज येतो, आणि तो दोनचार सेकंद चालला तर पिस्टनचा काठ कुरतडल्यासारखा होतो. तसे पिस्टन त्याने फळीवर मांडून ठेवले होते, येणाऱ्यांना दाखवायला. कुणी बघत नसे. बघून म्हणत, "हो हो, पण आपलं काही एवढं होणार नाही."

आणि बाळने मात्र 'अजून थोडं' एकदाही म्हटलं नव्हतं. तो आला, गाडीची किल्ली बाकावर ठेवली आणि म्हणाला, "फोटोग्राफरसारखं करून दे. पूर्ण." बस. हा 'पूर्ण' शब्द त्याने असा उच्चारला होता, जशी दुकानात कुणी येऊन काच मागावी. मग याने ते इंजिन जीव लावून बांधलं, खरं तर फोटोग्राफरच्यापेक्षा काकणभर चांगलंच. पिस्टनचं वजन करताना एकात केसाएवढा फरक निघाला, तर तेवढ्यासाठी पुन्हा उघडलं. सगळं झाल्यावर शेवटच्या दिवशी लॅपटॉप गाडीला जोडून हवेच्या दाबाचा आकडा भरायचा होता. फोटोग्राफरचा आकडा समोरच होता. त्याने तो भरला. मग बाहेर नळावर हात धुवायला गेला, परत आला, आणि पाव हिस्सा कमी केला. विचार करून नव्हे. पोळलेल्या जागेला फुंकर घालताना कोण विचार करतं? बाळला गाडी दिली तेव्हा म्हणाला, "घे, जुळी भावंडं आहेत."

गॅरेजमध्ये स्टँडवर एक उघडं इंजिन वाट बघत होतं. त्याने टॉर्क पाना घेतला, बोल्ट आवळायला सुरुवात केली, आणि मधेच कितवा बोल्ट झाला ते विसरला. सगळे सैल करून पुन्हा पहिल्यापासून. बाळ लहानपणी दम्याचा होता. घरात सगळं त्याच्या मापाने चालायचं. गार पाणी अर्धा ग्लास, जिना हळू, मैदानावर जायचं तर फक्त बघायला. मुलं खेळायला उतरली की सगळ्यांचे शर्ट बाळच्या हातात. शर्टांचा ढीग छातीशी धरून काठावर उभा असलेला तो किडकिडीत पोरगा, आणि शर्टांना घामाचा वास, आणि आई खिडकीतून ओरडतेय, "त्याच्याकडे लक्ष दे रे!" लक्ष दे. जन्मभर दुसरं काम काय होतं? स्वतः धावताना तो अर्धं डोकं काठावर ठेवून धावायचा. बाळची छाती वाजायला लागली की ते त्याला इतरांच्या आधी ऐकू यायचं, बारीक शिट्टीसारखं, आणि मग खेळ सोडून घरी. दमा पुढे सोळाव्या-सतराव्या वर्षी जसा आला तसा निघून गेला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. बाळ त्यानंतर टेकड्या चढला, पोहला, एका वर्षी तर लांब पल्ल्याची शर्यतही पुरी करून आला. घरच्यांना मात्र कुणी सांगितलंच नाही की आता थांबलं तरी चालेल. अजूनही बाळ जिना चढून आला की आई त्याच्या छातीकडे बघते. आई काय, तोही बघतो.

बायकोचा फोन आला. ती तपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते, आणि जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याला फोन करून त्याचं डोकं तपासते. आवाजावरूनच तिने विचारलं, "काय झालं?" आणि त्याने सांगून टाकलं. पलीकडे तिने डबा बंद केल्याचा आवाज आला.

"म्हणजे भावजींना तुम्ही खोटं सांगितलंत."

"खोटं कसलं? इंजिन तेच आहे."

"अहो, इंजिन तेच आहे म्हणे! लोकांना 'अजून थोडं' देताना तुमच्या जिवावर येतं, ते मी समजू शकते. पण ज्याने काही मागितलंच नाही, त्याच्यातलं काढून घेतलंत?"

"त्याच्या काळजीपोटीच ना?"

"मग मला काळजीपोटी काय काय कमी करून दिलंयत, तेही एकदा सांगून टाका. म्हणजे मीही दुपारी सुट्टी घेऊन येते."

तो फोन ठेवून देणार होता, पण तिनेच ठेवला. त्याने पुन्हा पाना उचलला. बोल्ट पुन्हा विसरले होते.

बाळ आला तो दुकानातल्याच वेषात, खिशाला दोन पेनं, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. गाडी त्याने दारात नीट सरळ लावली, उतरला, आणि बाकावर बसून शांतपणे म्हणाला, "किती?"

"काय किती?"

"किती कमी केलंस?"

भांडायला आलेल्या माणसाने निदान थोडं भांडावं. ग्राहकाला "आता? आता जास्त स्पष्ट दिसतंय का?" असं विचारत एकेक काच बदलत जावं, तसा बाळ समोर बसला होता. "पाव हिस्सा," तो म्हणाला. आणि मग जे थांबायला हवं होतं ते थांबेना. "इंजिन नवीन होतं, म्हटलं थोडं बसू दे. हल्लीचं पेट्रोल म्हणजे काय असतं तुला माहीत नाही. टकटक सुरू झाली तर तुला कळणार नाही, तू रेडिओ लावून चालवतोस. शिवाय क्लच—"

"फोटोग्राफर वेगळं पेट्रोल भरतो?"

"नाही."

"त्याच्या गाडीत रेडिओ नाही?"

बाळने गळ्यातला चष्मा घेऊन शर्टाला पुसला, जे तो ग्राहकांना कधी करू देत नाही. "आठ महिने मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय, माझ्या भावाने बांधलंय. चष्म्याचा नंबर घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांनासुद्धा खाली नेऊन गाडी दाखवलीय. मला ती आवडत होती रे. मला वाटत होतं हेच पूर्ण. मी त्यात खूश होतो, आणि तुला ठाऊक होतं की हे पूर्ण नाहीये, आणि तू माझ्या खूश होण्याकडे बघत होतास. त्याचं मला जास्त लागलं."

"बाळ—"

"सायकलचंही तेच केलं होतंस."

सायकलचं तो विसरला नव्हता, फक्त बाळला ते माहीत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. इतर लोक सायकल शिकवताना धरलंय म्हणतात आणि सोडून देतात. त्याने उलटं केलं होतं. बाळ पुढे बघत पेडल मारायचा, ओरडून विचारायचा, "सोडलंस?" आणि हा सीटखालचा दांडा घट्ट धरून, धावत, धाप दाबून म्हणायचा, "कधीच सोडलं! तू एकटाच चालवतोयस!" आणि बाळ हसायचा, मोठ्याने, दम लागेपर्यंत. आठवडाभर हे चाललं होतं.

"मला तुझी सावली दिसायची," बाळ म्हणाला. "संध्याकाळची. माझ्या सावलीला चिकटून पळणारी. मी तरी विचारायचो, आज तरी खरं सांगशील म्हणून."

बाहेर कुणीतरी रिव्हर्स घेत होतं, ती यांत्रिक पिपाणी वाजत राहिली. त्याला वाटलं, आता काहीतरी म्हणावं, पण जे सुचत होतं ते सगळं क्लच आणि पेट्रोलबद्दलचं होतं. शेवटी त्याने लॅपटॉप उचलला, गाडीचं डावीकडचं दार उघडलं आणि जवळजवळ खेकसला, "चल. बस. चालव तू."

शहराबाहेर कारखान्यांच्या मागून एक रुंद रस्ता जातो, बंद पडलेल्या गोदामांपर्यंत. दुपारी तिथे कुत्रंही नसतं. लॅपटॉप मांडीवर, वायर डॅशबोर्डखाली, आणि कान त्या टकटकीकडे. एकदम पूर्ण भरायचं नसतं. थोडं वाढवायचं, एक फेरी मारायची, आकडे बघायचे, पुन्हा थोडं. या फेऱ्यांची भाषा दोनच शब्दांची असते. "दाब," तो म्हणाला. बाळने दाबलं. इंजिन आधी नेहमीसारखं गुरगुरलं, मग चक्राने जोर धरला, शिट्टी चढत गेली, आणि पाठ सीटला टेकली. "सोड." आकडे ठीक होते. त्याने वाढवलं. "दाब." शिट्टी पुन्हा. ही बारीक शिट्टी त्याने शेकडो वेळा ऐकली होती, पण आज ती बाळच्या छातीच्या इतक्या जवळून येत होती, की त्याची नजर स्क्रीनवरून उठून त्या छातीकडे गेली. आणि स्वतःचाच संताप आला, कारण ती शिट्टी म्हणजे सगळं ठीक चालल्याची खूण होती आणि हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? "सोड." आकडे ठीक होते. इतके ठीक होते की निमित्तालासुद्धा काही सापडेना.

त्याने शेवटचा आकडा भरला. बोट बटणावर क्षणभर राहिलं. बाळ रस्त्याकडे बघत होता. त्याने मान वळवली नाही, काही विचारलं नाही. याने बटण दाबलं. "दाब."

या वेळी गोदामं अंगावर आली. स्क्रीनकडे बघायचं सोडून तो बाळच्या हातांकडे बघू लागला, आणि ते हात सैल होते. चाकावर नुसते ठेवल्यासारखे, काच उचलणाऱ्या माणसाचे हात. गाडी एका उंचवट्यावरून हलकी झाली, पुन्हा बसली, आणि हात तेवढेच हलले जेवढं लागत होतं. हा माणूस चांगला चालवतो, त्याच्या मनात आलं. आपल्यापेक्षा चांगला. आणि हे आपल्याला कधी कळलंच नाही, कारण आपण शेजारी बसून नेहमी त्याच्या छातीकडे बघत आलो. "सोड," तो म्हणाला. उशिरा म्हणाला, कारण बाळने आधीच अलगद सोडलं होतं. धाप लागली होती ती त्याला. बाळ नाकाने सावकाश श्वास घेत होता.

ते परत आले. गॅरेजच्या दाराशी त्याला उतरवून बाळ म्हणाला, "एक चक्कर मारून येतो," आणि गेला. त्यानंतरचा वेळ कसा गेला हे त्याला नीट सांगता आलं नसतं. त्याने हत्यारं पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. डोक्यात एक वळण येत होतं, मग एक ट्रक, मग ते पुसून दुसरं वळण. आईचा फोन आला. "बाळ फोन उचलत नाहीये. तुझ्याकडे आहे का?"

"गाडी चालवत असेल, आई."

"जोरात?"

"मला काय माहीत!" तो ओरडला, आणि पलीकडे आई दुखावली, आणि "तुला नाही तर कोणाला माहीत असणार?" म्हणून तिने फोन ठेवला. हे मात्र बरोबर होतं. ऊन उतरायला लागलं. तो दारात येऊन उभा राहिला, आत गेला, पुन्हा दारात आला. समोरचा टाइल्सवाला म्हणाला, "कुणाची वाट बघताय?" तर त्यालाही तुसडेपणाने बोलून बसला. एवढ्यात फोन वाजला आणि पडद्यावर बाळ. हत्यारं पुसून बोटं तेलकट. दोनदा घसरलं.

"दादा," बाळ म्हणाला. "पेट्रोल संपलं."

त्यानंतर तो जे बोलला ते टाइल्सवाल्याने आपल्या दुकानात बसून ऐकलं आणि पुढे बरेच दिवस इतरांना ऐकवलं. काटा नावाची वस्तू गाडीत कशाला बसवतात इथपासून ते एवढा शिकलेला माणूस, लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो आणि स्वतःला समोरचं लाल दिसत नाही, इथपर्यंत. बाळ मधून मधून नुसतं "हो" म्हणत होता. शेवटी तो म्हणाला, "तू बोलून घे, पण येताना कॅन आण."

स्कूटरच्या पायाशी कॅन ठेवून तो पोहोचला तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला नीट, सरळ उभी होती, आणि बाळ बाजूच्या कठड्यावर पाय सोडून बसला होता. चेहरा उन्हाने लाल झाला होता. थोरल्याने किती जोरात चालवलीस वगैरे काही विचारलं नाही. टाकीचं झाकण फिरवून काढलं. त्याची फीत केव्हाच तुटलेली होती, म्हणून झाकण डाव्या मुठीत धरलं आणि कॅन तिरपा केला. पेट्रोल गुडगुडत आत जाऊ लागलं. बाळ कठड्यावरून उतरून शेजारी आला.

"आता पूर्ण आहे ना?"

"पूर्ण आहे."

"काही राखून नाही ठेवलंस?"

"नाही."

बाळने मान हलवली. किती पटकन हलवली! नको असलेली चष्म्याची फ्रेम ग्राहकाने मान डोलावून परत ठेवावी, तशी. आणि कॅन हातात धरून, वाऱ्याने नाकात पेट्रोलचा वास भरत असताना त्याला कळलं की बाळचा विश्वास बसलेला नाही. आज बसला नाही, आणि बहुतेक यापुढे कधी बसणारही नाही. उद्या खरोखर जास्तीत जास्त जे देता येईल ते दिलं तरी हा मनाशी पाव हिस्सा वजा करूनच घेणार. आणि हे पटवून देण्याचा कुठलाही आकडा, कुठलीही शपथ त्याच्याकडे नव्हती. इतकी चीड त्याला दिवसभरात आली नव्हती. ओरडावं तरी कुणावर?

"फोटोग्राफरला बोलाव," तो चिरक्या आवाजात म्हणाला. "त्याच्या शेजारी लाव आणि बघ!"

"नको," बाळ म्हणाला. "त्याचं काय आता." त्याने भावाच्या दंडावर थोपटलं, हलकेच, दुकानात म्हाताऱ्यांना थोपटतो तसं. "आईकडे जातो. तिचे सात फोन येऊन गेलेत. तूही ये. जेवूनच जा." तो आत बसला, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. आरशात बघून, दिवा दाखवून, बाळ रस्त्यावर आला. आणि मग त्याने दाबलं.

रस्ता मोकळा होता. गाडी मागून बसल्यासारखी झाली आणि सुटली. शिट्टी चढली, चढत गेली, आणि जिथे ती आठ महिने थांबत होती तिथे न थांबता पुढे गेली. तो ऐकत उभा राहिला. मग त्याने कॅनचं झाकण लावायला हात वर केला, तेव्हा मुठीत दोन झाकणं होती.

"बाळ!" तो ओरडला. "अरे झाकण! टाकीचं झाकण!"

कॅन तसाच टाकून तो धावला, वीस-पंचवीस पावलं, झाकण हवेत उंच धरून, चादर घेऊन न्हावी मागे लागल्यासारखा. मग थांबला. छाती भात्यासारखी चालली होती. वळणावर गाडी एकदा चमकली आणि दिसेनाशी झाली. फोन लावून उपयोग नव्हता, चालवताना तो उचलत नाही, आणि उचलू नयेच. शिव्या पुटपुटत त्याने झाकण खिशात टाकलं, कॅन उचलला, स्कूटरला किक मारली आणि त्याच दिशेने निघाला. गाडी गाठता येणार नव्हती. ते इंजिन त्याने स्वतः बांधलं होतं.